न्यू जर्सीची माती आणि औषधास दाद न देणारे जंतू

आपल्या स्मरणिकेत बहुधा सणवार, संतचरित्रे, पूर्वजांच्या समुद्रप्रवासाच्या हकिकती आणि मुलांच्या कविता यांना स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. अशा पानांत जंतूंनी शिरकाव करावा हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु मी व्यवसायाने शिक्षिका आहे, गेली वीस वर्षे येथील मुलांना विज्ञान शिकवीत आले आहे, आणि आपल्या घराघरांतील औषधांच्या डब्यांत जे दिसते ते पाहून या विषयावर कोणीतरी साध्या मराठीत लिहावयास हवे, असे बरेच दिवस मनात घोळत होते. माझे सारे शिक्षण पार्सिपनीत व आसपास, इंग्रजीतून झाले. मराठी मिळाली ती आजीच्या तोंडून. आणि आजीची मराठी म्हणजे तिच्या आजोबांनी रत्नागिरीकडून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात नेलेली मराठी. तेव्हा भाषेत काही उणे आढळल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

शाळेत हा पाठ घेताना दरवर्षी एखादे तरी मूल विचारते, "बाई, आपल्या शरीराला औषधाची सवय होते, म्हणून ते लागू पडेनासे होते, नाही का?" मोठी माणसेही असेच समजतात. "मला आता ती गोळी लागू पडत नाही" असे आपण म्हणतो, तेव्हा त्या वाक्यातला 'मला' हा शब्दच चुकीच्या जागी पडलेला असतो. सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जंतू. म्हणूनच ज्या माणसाने जन्मात एकही प्रतिजैविक घेतलेले नाही, त्यालाही निर्ढावलेल्या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, कारण ते जंतू दुसऱ्या कोणाच्या शरीरात, दुसऱ्या कोणाच्या औषधावर तयार होऊन त्याच्याकडे आलेले असतात.

हे घडते कसे? आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय नावाचा जिवाणू घ्या. अन्न व ऊब मिळाली की त्याची संख्या सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होते. रात्री झोपताना एक होता असे धरले, तर आठ तासांनी त्याचे चोवीस वेळा दुपटीकरण होऊन संख्या १ कोटी ६७ लाखांवर जाते. (वर्गात फळ्यावर हे गणित करताना मुले प्रथम हसतात, आणि विसाव्या दुपटीला गप्प होतात.) इतक्या झपाट्याने नक्कल उतरवताना कोठेतरी एखादे अक्षर चुकतेच. बहुतेक चुका जंतूलाच भोवतात. पण एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे औषध निष्प्रभ ठरते. औषध घेतले की बाकीचे मरतात, हा एकटा उरतो, आणि मोकळ्या झालेल्या रानात त्याची संतती माजते. औषध हे जंतूला शिकवीत नाही, ते फक्त निवड करते. शेतकऱ्याच्या पोरास हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्या पूर्वजांनी उसाचे बेणे निवडले ते याच न्यायाने.

जंतूंपाशी युक्त्याही पुष्कळ आहेत. कोणी औषधाचा रेणू कापून टाकणारे विकर बनवितो, कोणी आत शिरलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकतो, तर कोणी औषधाने जेथे घाव घालावयाचा त्या जागेचे रूपच पालटतो. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे ही विद्या केवळ बापाकडून लेकाकडे जात नाही. जिवाणूंच्या पेशीत मुख्य गुणसूत्राखेरीज आनुवंशिक द्रव्याची लहान लहान वलये असतात, त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू आपल्या प्लाझ्मिडाची प्रत शेजाऱ्यास देतो, आणि तो शेजारी भिन्न जातीचाही असू शकतो. परीक्षेच्या वेळी एका बाकावरून दुसऱ्या बाकावर चिठ्ठी सरकावी, तसा हा प्रकार. मात्र वर्गातली चिठ्ठी पकडता येते.

आता आपल्या न्यू जर्सीकडे वळू, कारण या कथेचा मोठा भाग आपल्या दारातच घडलेला आहे. पार्सिपनीपासून मोटारीने तासाभरात न्यू ब्रन्सविक येथे रटगर्स विद्यापीठाच्या शेतकी शाळेत जाता येते. तेथे सेल्मन वॅक्समन हे मातीतील सूक्ष्मजीवांचे अध्यापक होते. युक्रेनमधल्या एका खेड्यात जन्मलेले हे गृहस्थ १९१० साली निर्वासिताच्या कष्टांनी अमेरिकेस आले. जंतूंस मारणाऱ्या या औषधांना आज आपण ज्या नावाने ओळखतो, तो 'अँटिबायोटिक' शब्द त्यांनीच रूढ केला. त्यांच्या हाताखाली अल्बर्ट शॅट्झ नावाचा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. क्षयाच्या जंतूंशी खेळ नको म्हणून त्याला तळघरातली प्रयोगशाळा मिळालेली होती. १९४३ च्या ऑक्टोबरात त्याला एका सूक्ष्मजीवाचे दोन वाण सापडले, एक भरपूर शेणखत घातलेल्या शेतातल्या मातीत आणि दुसरा एका कोंबडीच्या घशात. त्यांतून निघाले स्ट्रेप्टोमायसिन, क्षयावर चालणारे जगातले पहिले प्रतिजैविक. पेनिसिलिनला क्षयाचे जंतू मुळीच जुमानीत नसत. पुढे श्रेयावरून गुरुशिष्यांत कोर्टकज्जा झाला, तडजोडीत शॅट्झ हे सहसंशोधक ठरले, तरी १९५२ चे नोबेल पारितोषिक एकट्या वॅक्समन यांनाच मिळाले. पहिल्या निबंधावर जिचे नाव होते त्या एलिझाबेथ बुगी या विद्यार्थिनीची आठवण तर फारच थोड्यांना असते. २०१९ साली न्यू जर्सी सरकारने त्या सूक्ष्मजीवाला राज्याचा अधिकृत सूक्ष्मजीव म्हणून मान दिला. राज्यपक्षी, राज्यपुष्प, तसा हा राज्यजंतू! मुलांना हे सांगितले की त्यांचा विश्वासच बसत नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला क्षय म्हणजे काय हे सांगावयास नको. म्हणून त्या काळी हे औषध संजीवनीसारखे वाटले यात नवल नाही. पण त्याच वेळी ब्रिटनमध्ये वैद्यकीय संशोधन मंडळाने काटेकोर परीक्षा घेतली व १९४८ मध्ये तिचा निकाल छापला. औषध मिळालेल्या ५५ रोग्यांपैकी सहा महिन्यांत ४ वारले, आणि केवळ अंथरुणात विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ वारले. फरक मोठा होता. परंतु त्याच रोग्यांचा पाच वर्षांनी पुन्हा हिशेब मांडला तेव्हा औषधवाल्यांपैकी ३२ आणि दुसऱ्या बाजूचे ३५ गेलेले होते. आधीचा लाभ जवळजवळ विरून गेला होता, कारण औषध सुरू केल्यावर काही आठवड्यांतच पुष्कळांच्या फुप्फुसांतले जंतू निर्ढावले होते. येथे रोग्याचा काडीचा दोष नव्हता, डॉक्टरांचाही नव्हता. एकच औषध दिले की क्षयाचे जंतू निसटतात, हा धडा त्यातून मिळाला. तेव्हापासून क्षयावर एका वेळी अनेक औषधे देतात. एकापासून सुटलेला जंतू दुसऱ्याच्या हाती सापडावा, ही त्यातली युक्ती. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीही १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना अपुरी मात्रा घेण्यातला धोका बोलून दाखविलेला होता. म्हणजे हे संकट अचानक आले असे म्हणण्याची सोय आपल्यास नाही.

धडा मिळाला, पण तो सर्वत्र गिरवला गेला नाही. मुंबईच्या धारावीत १९९१ साली सुमारे १०० खाजगी डॉक्टरांना क्षयाचे औषध लिहून द्यावयास सांगितले, तेव्हा ८० निरनिराळ्या प्रकारांनी ते लिहिले गेले. वीस वर्षांनी मुंबईतच अशी पाहणी झाली, तेव्हा १०६ डॉक्टरांचे ६३ प्रकार निघाले. त्या दुसऱ्या पाहणीत ज्यांचा हात होता, त्याच हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया यांनी २०११ च्या अखेरीस असे चार रोगी जगापुढे मांडले, की ज्यांच्या जंतूंवर तपासलेल्या औषधांपैकी एकही चालत नव्हते. त्यांनी योजलेल्या 'सर्वौषधप्रतिरोधी' या अर्थाच्या नावावरून वाद माजला, सरकारी अधिकारी रागावले, जागतिक आरोग्य संघटनेनेही ते नाव मान्य केले नाही. नाव काहीही द्या, रोगी खरे होते.

अशा क्षयावर पूर्वी जी इंजेक्शने देत, ती स्ट्रेप्टोमायसिनच्याच गोत्रातली. त्यांचा एक क्रूर गुण असा की ती कानाच्या आतल्या नाजूक पेशी मारतात. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन या तरुणीने २०१३ साली याच उपचारात श्रवणशक्ती गमावली. दक्षिण आफ्रिकेतील फुमेझा तिसिले हिच्यावरही तोच प्रसंग आला होता. बेडाक्विलिन नावाची नवी गोळी २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मान्य झाली. ती आल्याने ही इंजेक्शने टाळणे शक्य झाले. पण ती महाग होती, आणि तिच्या एकस्वाची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने भारतात केला होता. ज्या न्यू ब्रन्सविक गावात स्ट्रेप्टोमायसिन जन्मले, तेथेच या कंपनीचे मुख्य कार्यालय आहे. या दोघींनी त्या अर्जाविरुद्ध हरकत नोंदविली, आणि मार्च २०२३ मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. ऐकू न येणाऱ्या दोन स्त्रियांचे म्हणणे शेवटी ऐकले गेले.

क्षय पुष्कळांस दूरचा वाटतो. म्हणून आता जवळची गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी माझी मावशी मॉरिशसहून धाकट्या भावाच्या लग्नासाठी आमच्याकडे आली. तिच्या सामानात लोणच्याच्या बरण्यांबरोबर एक कापडी पिशवी होती, आणि तीत अर्धवट वापरलेल्या गोळ्यांची पाकिटे होती. लघवीला जळजळ झाली की त्यांतल्या दोन गोळ्या घ्यावयाच्या, बरे वाटले की पिशवीचे तोंड बांधावयाचे, असा तिचा कित्येक वर्षांचा क्रम. लग्नाच्या चौथ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला, पाठीत कळा येऊ लागल्या. "अगं, माझ्या पिशवीतली पांढरी गोळी दे, उद्यापर्यंत उतरेल," असे ती म्हणत होती. मी तिला रुग्णालयात नेले. संसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत चढलेला होता. दोन दिवसांनी जंतूंच्या परीक्षेचा कागद हाती आला, आणि तेथील डॉक्टरीणबाईंनी तो मला समजावून सांगितला. तो कसा वाचावा हे सर्वांनाच ठाऊक असावे असे मला वाटते. डाव्या बाजूस औषधांची नावे असतात आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधास दबतो, 'आर' म्हणजे दाद देत नाही, आणि 'आय' म्हणजे मधली अवस्था. मावशीच्या कागदावर नेहमीच्या गोळ्यांपुढे एकाखाली एक 'आर' उभे होते. एक गोळी चालण्यासारखी होती, पण ती मूत्राशयापुरतीच काम करते, मूत्रपिंडात पुरेशी पोहोचत नाही. तिचा ई. कोलाय पेनिसिलिन व त्याच्या बहुतेक भावंडांना कापणारे विकर बनवीत होता. अशा जंतूंना वैद्यक 'ईएसबीएल' या आद्याक्षरांनी ओळखते.

शेवटी शिरेतून द्यावयाचे एर्टापेनेम नावाचे औषध सुरू झाले, आणि दहा दिवस रोज तिच्या हातात सुई राहिली. मावशी बरी झाली. खर्च किती आला तो येथे लिहीत नाही. तिला राग आला तो जंतूंचा नव्हे, तर आपली पिशवी जप्त झाल्याचा.

एर्टापेनेम ज्या कुळातले, ते कार्बापेनेम औषधांचे कूळही आपल्याच मातीतले आहे, हे मला त्या दिवसांत वाचताना कळले. १९७६ साली राहवे येथील मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेत थाएनामायसिन हा पदार्थ सापडला, आणि तो बनविणारा सूक्ष्मजीव न्यू जर्सीतल्या मातीतून मिळालेला होता. पेनिसिलिन कापणाऱ्या बहुतेक विकरांना तो पुरून उरे. त्यावरून बनविलेली औषधे डॉक्टर आजही राखून ठेवतात, घरात लग्नकार्यासाठी दागिने राखावेत तशी. मावशीला मिळाले ते त्या पेटीतले औषध. त्या पेटीलाही आता कीड लागली आहे.

२००८ साली स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रोग्याच्या शरीरात असा जिवाणू सापडला की त्याचे विकर कार्बापेनेमही कापून टाकी. तो रोगी आधी दिल्लीच्या रुग्णालयात होता, म्हणून संशोधकांनी त्या विकराला नवी दिल्लीचे नाव दिले. त्याचे संक्षिप्त रूप 'एनडीएम-१'. २०१० मध्ये 'लॅन्सेट'च्या भावंड मासिकात त्याच्या प्रसाराचा लेख आला, आणि भारतात संतापाची लाट उसळली. पुढे २०११ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'चे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी त्या नावाबद्दल दिलगिरी व्यक्त केली.

हा संताप मला परका नाही. आणि आपल्यांपैकी ज्यांचे पूर्वज आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढून मॉरिशसमध्ये उतरले, त्यांनाही तो परका वाटू नये. १८५६ साली कलकत्त्याहून निघालेल्या दोन जहाजांवर पटकी असल्याच्या भयाने त्यांवरील मजुरांना पोर्ट लुईस बंदरात येऊ दिले नाही, गॅब्रिएल नावाच्या उघड्या बेटावर उतरविले. तेथे निवारा, अन्न व पाणी यांच्या अभावी आणि रोगाने दोनशेंहून अधिक माणसे मेली. रोगाला माणसांच्या जातीचे किंवा गावाचे नाव चिकटले की पुढे त्या माणसांचे काय होते, हे आपल्याला पुस्तकात वाचावयास नको. तरीदेखील माझे मत असे की नाव अन्यायाचे असले म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. लॅन्सेटवाल्यांच्या लेखाआधीच, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपल्या देशातल्याच नियतकालिकात लिहिले होते, की त्यांनी तपासलेल्या कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जिवाणूंपैकी २२ मध्ये हेच विकर सापडले. घरच्या माणसाने दिलेला इशारा ऐकला नाही आणि बाहेरच्याने दिलेल्या नावावर मात्र भांडलो, असे काहीसे तेव्हा झाले.

तेही जंतू आता येथे आहेत. २०१४ साली न्यू जर्सीतल्या एका रुग्णालयातील रोग्याच्या लघवीत एक ई. कोलाय मिळाला. नेवार्क येथील रटगर्सच्या संशोधकांनी पुढे त्याची छाननी करून २०१६ मध्ये निबंध छापला. त्या एकाच जंतूत दोन स्वतंत्र प्लाझ्मिडे होती. एकावर एनडीएम कुळातले, कार्बापेनेम कापणारे जनुक. दुसऱ्यावर कोलिस्टिन या अखेरच्या आधाराच्या औषधास निष्प्रभ करणारे 'एमसीआर-१' हे जनुक. दुसरे हे चीनमध्ये प्रथम डुकरे, मांस व रोगी यांच्यात आढळले होते आणि त्याची वार्ता २०१५ च्या नोव्हेंबरात फुटली होती. एक चिठ्ठी एका खंडातली, दुसरी दुसऱ्या खंडातली, आणि दोन्ही एका खिशात! सुदैवाने त्या रोग्यावर दुसरी काही औषधे चालली व तो बरा झाला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सांगितले की एनडीएमवाल्या संसर्गांचे प्रमाण २०१९ ते २०२३ या काळात ४६० टक्क्यांहून अधिक वाढले. याच केंद्राच्या २०१९ च्या अहवालाप्रमाणे या देशात औषधास दाद न देणाऱ्या जंतूंमुळे व बुरशींमुळे वर्षाला २८ लाखांहून अधिक संसर्ग व ३५ हजारांहून अधिक मृत्यू होतात. जगाचा आकडा अधिक भयंकर आहे: २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या निर्ढावलेपणामुळेच झालेले मृत्यू १२ लाख ७० हजार.

कोणी म्हणेल, मग शास्त्रज्ञांनी नवी औषधे का काढू नयेत? काढतात, आणि येथेच पार्सिपनीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. 'द मेडिसिन्स कंपनी' या नावाची एक औषधकंपनी आपल्या गावात होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिच्या एका जोड-औषधास सरकारी मान्यता मिळाली. त्यात मेरोपेनेम हे कार्बापेनेम, आणि त्यास कापणाऱ्या काही विकरांना अडविणारा वॅबोरबॅक्टम हा सोबती. एनडीएमपुढे हा सोबती चालत नाही, तरी इतर कित्येक जंतूंवर तो मोलाचा आहे. परंतु नवे प्रतिजैविक हे कपाटात राखून ठेवावयाचे, होता होईल तो न वापरण्याचे औषध. मग ते विकून पैसा कोठून मिळावा? जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने आपला संसर्गविरोधी औषधांचा सारा विभाग मेलिंटा नावाच्या दुसऱ्या कंपनीस विकला आणि स्वतः कोलेस्टेरॉलच्या औषधामागे लागली. २०१९ च्या नोव्हेंबरात नोव्हार्टिसने ही पार्सिपनीची कंपनी सुमारे ९७० कोटी डॉलरांस घेण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात, डिसेंबरात, प्रतिजैविके घेऊन बसलेल्या मेलिंटाने दिवाळखोरीचा अर्ज केला. या दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. जी गोळी माणूस जन्मभर घेतो तिला भांडवल मिळते, आणि जी दहा दिवसांत जीव वाचवून बाजूला होते तिला मिळत नाही. हा व्यवहार सरकारांनी बदलावयास हवा, असे मला वाटते. अग्निशामक दलाला आपण आगींच्या संख्येवर पगार देत नाही.

औषधाखेरीज दुसरा मार्ग म्हणजे जंतूंना मुळात शिरूच न देणे. त्याचेही एक स्मारक आपल्या गावच्या हद्दीला लागून पसरलेले आहे, आणि रोज त्यावरून जाणाऱ्यांना त्याची गंधवार्ता नसते. बूनटनजवळचा जर्सी सिटीचा मोठा जलाशय आपण सर्वांनी पाहिला आहे. २६ सप्टेंबर १९०८ या दिवशी तेथून सुटणाऱ्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी क्लोरीनयुक्त चुन्याची भुकटी नियमाने मिसळण्यास प्रारंभ केला. एखाद्या शहराच्या पाण्याला असे कायमचे निर्जंतुक करण्याचा अमेरिकेतला हा पहिला प्रयोग. लील यांचे वडील यादवी युद्धात जडलेल्या आमांशाने खंगून वारले होते. पाण्यात रसायन घालतात म्हणून ओरड झाली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ही रीत योग्य ठरली. तेव्हा एकही प्रतिजैविक अस्तित्वात नव्हते; तरी विषमज्वर ओसरू लागला. शुद्ध पाणी, शौचकूप, धुतलेले हात आणि वेळेवर टोचलेली लस यांनी जो संसर्ग टळतो, त्यावर औषध द्यावे लागत नाही, आणि जे औषध दिलेच नाही त्यावर जंतू निर्ढावू शकत नाही.

आता घरातल्या डब्याविषयी. सर्दी, पडसे, फ्लू व बहुतेक घसादुखी ही विषाणूंची कामे आहेत, आणि विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. पिवळा कफ पडला म्हणजे गोळी हवीच असेही नाही. डॉक्टरांनी नको म्हटले तर त्यांना हलगर्जी समजू नये. त्यांनी दिले तर किती दिवस घ्यावयाचे ते त्यांनाच विचारावे. पूर्वी लांबलचक मुदत सांगत, हल्ली कित्येक संसर्गांस थोडे दिवस पुरतात असे आढळले आहे. पण क्षयासारख्या रोगात एक दिवसही आपल्या मनाने कमी करता येत नाही. कोणत्याही परिस्थितीत शेजारणीस गोळ्या उसन्या देऊ नयेत. लेक हायवाथात बेव्हरविक रस्त्यावर भाजी घेताना मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे, "माझ्याकडे भारतातून आणलेले अर्धे पाकीट आहे, संध्याकाळी देते." देणारीचा हेतू किती प्रेमाचा! आणि गोळी कशावरची, हे दोघींनाही ठाऊक नव्हते.

भारतातून आलेल्या पाकिटांवर एक खूण मात्र पाहता येते. पाकिटाच्या पाठीवर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घ्यावयाचे नाही असा तिचा अर्थ. २०१६ मध्ये भारत सरकारने या लाल रेघेची मोहीम काढली. त्याआधी मार्च २०१४ पासून ४६ औषधे, त्यांत पुष्कळ प्रतिजैविके व क्षयावरची औषधे, अशा यादीत घातली आहेत की दुकानदाराने डॉक्टरांचे व रोग्याचे नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपली पाहिजे. मावशीच्या पिशवीतली पाकिटे मी नंतर दिव्याखाली धरून पाहिली. नऊपैकी सहांवर लाल रेघ होती. दोन इतकी जुनी की अक्षरे पुसलेली. आणि एक पोट साफ होण्याचे चूर्ण.

अशा उरलेल्या गोळ्या मोरीत किंवा संडासात टाकू नयेत, कारण पाण्यातल्या जिवाणूंनाही त्या आयत्याच मिळतात. न्यू जर्सीत २०११ पासून पोलीस ठाण्यांत जुनी औषधे टाकण्यासाठी कुलूपबंद पेट्या ठेवल्या आहेत. कोणी नाव विचारीत नाही, पैसे पडत नाहीत. पाकिटावरचे आपले नाव शाईने खोडून गोळ्या पेटीत टाकावयाच्या, एवढेच. कोणत्या ठाण्यावर पेटी आहे याची चौकशी दूरध्वनीवरूनही करता येते. मावशीची पिशवी मी अशाच एका पेटीत रिकामी केली; पिशवी मात्र धुऊन तिला परत दिली, कारण ती माझ्या आजीच्या जुन्या लुगड्याची शिवलेली होती.